खराऱ्याचा उपचार

स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग अगदी साधा होता. माणसाने घोड्याला दोरीने धरून किंवा त्याच्या पाठीवर बसून एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत न्यायचं, असं चार वेळा. चौथ्या फेरीच्या आधी माणसाला सांगितलं, की या वेळी तुम्ही जवळून जाताना छत्री उघडली जाणार आहे. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. पण घोडा आता बुजणार या धास्तीने माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाचं काहीतरी बिनसलंय, एवढंच त्याला कळलं होतं.

घोड्यांच्या मदतीने होणाऱ्या उपचारांबद्दल, म्हणजे सगळीकडे ज्याला इक्वाइन थेरपी म्हणतात त्याबद्दल, हल्ली इतकं गोडगोड लिहिलं जातं की घोडा हा चार पायांचा संत आहे असं वाटावं. तो मन ओळखतो, दुःख शोषून घेतो, निरपेक्ष प्रेम करतो वगैरे. यातलं काहीही मानायची गरज नाही. छत्रीची गोष्ट पुरेशी आहे. घोड्याला आपलं शरीर कळतं, तेही आपल्याला कळायच्या आधी. त्याच्याजवळ काम करणाऱ्या माणसात जो काही बदल होतो तो मुख्यतः यातून होतो, आणि पाठीवर बसण्यापेक्षा खाली उभं राहून त्याची उस्तवार करण्यात जास्त होतो, असं माझं मत आहे. ते पटतं का, हे लेखाच्या ओघात वाचकांनीच ठरवावं.

घोड्याला हे येतं कुठून? तो शिकार होणारा प्राणी आहे. माणसाळून त्याला चार हजार वर्षांच्या वर झाली, तरी गवताळ मैदानातली त्याची सवय गेलेली नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला साडेतीनशे अंशांच्या आसपासचा परिसर एकाच वेळी दिसतो. कपाळाच्या अगदी पुढचा थोडा भाग आणि शेपटीमागचा पट्टा एवढाच काय तो अंधारात. (घोड्याच्या मागून जाऊ नये, हे आजोबांचं सांगणं या पट्ट्यामुळे खरं आहे.) कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात. कळपातल्या एकाने मान ताठ केली की बाकीचे कारण न विचारता सावध होतात. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याचं हृदय मिनिटाला २८ ते ४४ वेळा धडधडतं, आपलं ६० ते १०० वेळा. एवढ्या संथ जनावराला शेजारच्याच्या अंगातला ताण जाणवणं हा त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. शेजारी आपण उभे असलो, तर कळप म्हणजे आपण.

याचा सगळ्यात गमतीदार पुरावा शंभरेक वर्षांपूर्वीचा आहे. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाकडे हान्स नावाचा घोडा होता. बेरीज विचारली की तो खूर आपटून उत्तर द्यायचा, आणि बरोबर द्यायचा. १९०४ साली त्याच्या परीक्षेसाठी जाणकारांची समिती नेमली गेली. तिला लबाडी सापडली नाही. मग ओस्कार फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने चिकाटीने तपासलं, तेव्हा उलगडा झाला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सलाही येत नव्हतं. विचारणारा माणूस योग्य आकड्याच्या जवळ येताच नकळत किंचित सैल पडायचा, डोकं केसभर हलायचं, आणि हान्स तिथेच थांबायचा. फुंग्स्टला ही खूण कळल्यावर ती आपल्याकडून होऊ द्यायची नाही असं त्याने ठरवलं, तरी ती होतच राहिली. लोक हान्सची गोष्ट 'घोड्याला गणित येत नव्हतं' म्हणून सांगतात. मला तिच्यातला माणूस जास्त मोलाचा वाटतो. आपलं शरीर आपल्याला न विचारता बोलत असतं आणि दाबायला गेलं तरी दबत नाही, हे त्या घोड्यामुळे शास्त्रज्ञांना कळलं.

ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाने २०१६ साली याच्या पुढचं पाऊल टाकलं. २८ घोड्यांना अनोळखी माणसांचे हसरे आणि रागीट चेहरे मोठ्या फोटोत दाखवले. रागीट चेहरा दिसला की घोडे तो डाव्या डोळ्याने पाहत आणि त्यांचे ठोके लवकर चढत. डाव्या डोळ्याची माहिती मेंदूच्या उजव्या भागात जाते आणि बरेच प्राणी धोक्याकडे याच बाजूने पाहतात. नुसत्या कागदावरच्या कपाळाच्या आठ्या त्यांना पुरल्या.

हे सगळं चंदीगडच्या संदर्भात लिहावंसं वाटलं, कारण या शहरात विषयाचे सगळे धागे हाताशी आहेत. ल कॉर्ब्युझिएने आखलेल्या सेक्टरांच्या कडेला, १९५८ साली बांध घालून केलेल्या सुखना तलावाच्या बाजूला, चंदीगड हॉर्स रायडर्स सोसायटीचं मैदान आहे. चंडीमंदिरला लष्कराच्या पश्चिम कमांडचं मुख्यालय आहे. पंचकुल्याच्या बाजूला भानू इथे इंडो-तिबेटन सीमा पोलिसांचं केंद्र आहे, तिथे कुत्र्यांबरोबर घोडे आणि खेचरंही शिकवून तयार होतात. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आनंदपूर साहिबला होला मोहल्ल्याच्या उत्सवात निहंग शीख भरधाव घोड्यांवर उभे राहून दाखवतात. वरातीची घोडी तर प्रत्येक पंजाबी लग्नात. दुसऱ्या बाजूला पीजीआयचं मोठं इस्पितळ, सेक्टर ३२ चं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि सेक्टर ३१ मधली बौद्धिक दिव्यांगांसाठीची सरकारी पुनर्वसन संस्था. घोडे आहेत, डॉक्टर आहेत, गरजू कुटुंबं आहेत. लष्करात, पीजीआयमध्ये, बँकांत नोकरीला असलेली मराठी कुटुंबंही त्यात आली. तसं पाहिलं तर मराठी माणूस या मुलखात घोड्यावरूनच आला होता. १७५८ च्या मार्चमध्ये राघोबादादांच्या फौजेने इथून पन्नासेक किलोमीटरवरचं सरहिंद घेतलं आणि पुढच्या महिन्यात लाहोर. पागा, मोतद्दार, खोगीर, रिकीब, तोबरा, चंदी हे शब्द त्या फौजेच्या रोजच्या बोलण्यातले. आज यातला निम्मा शब्दसंग्रह फक्त ऐतिहासिक कादंबऱ्यांत उरलाय, पण तबेल्यात उभं राहिलं की त्याची पुन्हा गरज पडते.

थेरपीच्या नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच बोर्डावर लिहिलेल्या असतात, त्या आधी वेगळ्या करू.

पहिली म्हणजे हिप्पोथेरपी. इथे घोडा फिजिओथेरपिस्टच्या किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या हातातलं साधन असतो. कदम चालीने चालणाऱ्या घोड्यावर बसलं की बसणाऱ्याचं कंबरेचं हाड पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि थोडं गोल असं तिन्ही दिशांनी हलतं, आणि ही हालचाल माणूस स्वतः चालताना होणाऱ्या हालचालीशी बरीच मिळतीजुळती असते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, कधीच स्वतःच्या पायांनी न चाललेल्या मुलाच्या धडाला ही लय एरवी कुठे मिळणार? त्यात घोड्याचं अंग आपल्यापेक्षा अंशभर गरम, त्यामुळे मांड्यांचे ताठरलेले स्नायू थोडे सैलावतात. दुसरी म्हणजे उपचारात्मक घोडेस्वारी. यात शिकवणारा असतो रायडिंगचा प्रशिक्षक आणि उद्देश कौशल्य, आत्मविश्वास, मजा. तिसरी मानसोपचाराची. यात बहुतेक वेळा कुणी घोड्यावर बसतच नाही. जमिनीवर उभं राहून घोड्याला चालवणं, थांबवणं, त्याच्याबरोबर नुसतं असणं, आणि शेजारी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ. चौथी म्हणजे शिबिरं: कंपनीच्या मॅनेजरांसाठी, किशोरवयीन मुलांसाठी, 'स्वतःला शोधा' छापाची. यातली काही चांगली असतात. बरीचशी खोगीरभरती असते.

या सगळ्या चळवळीला चेहरा मिळाला तो डेन्मार्कच्या लिस हार्टेलमुळे. १९४४ साली, गरोदर असताना, तिला पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय कायमचे गेले. तरी ती पुन्हा घोड्यावर बसायला शिकली आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्युबिली नावाच्या घोडीवर ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं. ड्रेसाजमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने उतरू देण्याचं ते पहिलंच ऑलिंपिक होतं. तिला घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणसं लागत. चार वर्षांनी तिने पुन्हा रौप्य मिळवलं. १९६९ साली ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही दिव्यांगांच्या घोडेस्वारीच्या संघटना उभ्या राहिल्या, त्यामागे तिचं उदाहरण होतं.

पण हार्टेलची गोष्ट पराक्रमाची आहे आणि आपला विषय रोजच्या जगण्याचा. त्यासाठी मला टेम्पल ग्रँडिन जवळची वाटते. ऑटिझम असलेली ही अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आज गुरांच्या वागणुकीची जगन्मान्य जाणकार आहे. शाळकरी वयात चिडवणाऱ्या मुलीला मारल्याबद्दल तिला शाळेतून काढलं गेलं आणि न्यू हॅम्पशायरमधल्या एका निवासी शाळेत घातलं. तिथे अभ्यासात तिचं मन नव्हतं. तिने शाळेचा तबेला सांभाळायला घेतला. लीद काढणं, वैरण टाकणं, घोडे आत-बाहेर करणं. त्या कामातून आपण जबाबदारीने वागायला शिकलो, असं ती पुढे सांगत आली आहे. तिथे कुणी 'थेरपी' असा शब्द वापरला नव्हता. एका मुलीच्या हातात फावडं होतं आणि सकाळी तिची वाट पाहणारी जनावरं होती.

तर त्या कामाकडेच नीट पाहू. घोड्याला खरारा करायचा आहे. आधी त्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूने, त्याला दिसेल असं, सरळ अंगावर न जाता थोडं तिरकं चालत जायचं. खांद्याला हात लावायचा, मानेला नाही, तोंडाला तर मुळीच नाही. मग गोल दात्यांच्या रबरी ब्रशाने मानेपासून मागे, लहान लहान वर्तुळं काढत मळ सुटा करायचा. खांद्यावर, पाठीवर जोर चालतो. गुडघ्याखाली जिथे कातडीखाली हाडच आहे, तिथे मुळीच नाही. त्यानंतर ताठ केसांच्या ब्रशाने केसांच्या दिशेने झटके देत धूळ उडवायची आणि शेवटी मऊ ब्रश. हे करताना आपण कुठे आहोत ते घोडा सांगत राहतो. आयाळीच्या मुळाशी खाजवलं की खालचा ओठ लांब होतो, मान खाली येते. पोटाकडे हात गेला आणि कान मागे पडले, शेपटीचा फटकारा आला, की तिथे हात हलका करायचा किंवा काढायचा. नंतर खूर. खांद्यापासून हात पायावरून खाली फिरवत नेत टाचेच्या वरच्या शिरेला हलकं दाबायचं, 'उचल' म्हणायचं आणि वाट पाहायची. घोडा पाय उचलतो, कारण त्याने उचलायचं ठरवलंय. चार-साडेचारशे किलोंच्या जनावराचा पाय ओढून उचलता येत नाही. खुरातली माती, खडे लोखंडी आकड्याने टाचेकडून पुढे काढायचे. मधला मऊ त्रिकोणी भाग सांभाळायचा.

यात अर्धा-पाऊण तास जातो. या वेळात फोन हातात घेता येत नाही. काल काय झालं, उद्या कुणाला काय सांगायचं याचा विचार आला की ब्रश यांत्रिक होतो आणि घोडा बाजूला सरकतो. मन भरकटल्याचं एवढ्या तत्परतेने आणि एवढ्या बिनरागाने सांगणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. ध्यानाच्या वर्गात सांगतात ते 'वर्तमानात राहा' इथे घोड्याच्या पायाखाली बोट येऊ नये म्हणून आपोआप होतं.

दुसरी गोष्ट मर्यादेची. घोड्याला शिकवायची मूळ पद्धत दाब आणि सोड अशी आहे. दोरीला किंचित ओढ द्यायची, घोड्याने पाऊल टाकलं की त्याच क्षणी दोरी सैल. घोडा ओढीतून शिकत नाही, सैल होण्यातून शिकतो. दाब काढायला उशीर झाला तर त्याला चुकीचंच कळतं, आणि दाब दिलाच नाही तर तो अंगावर येऊन उभा राहतो, पाय देतो. आपल्याकडे घरातल्या माणसांना, विशेषतः आजारी माणसाची किंवा विशेष मुलाची वर्षानुवर्षं काळजी घेणाऱ्या बाईला, नेमकं हेच जमत नाही. एकतर ती सगळं सोसते किंवा मग एके दिवशी भांडं आपटते. मधली पायरी, म्हणजे शांतपणे 'इथपर्यंत, पुढे नाही' म्हणणं आणि समोरच्याने ऐकलं की लगेच सैल होणं, ही तिला कुणी शिकवलेलीच नसते. घोड्याला दोन पावलं मागे सरकवताना ती शिकता येते. आवाज चढवून काही होत नाही, गयावया करून तर नाहीच. पाठ सरळ, श्वास खाली, हात स्थिर, आणि घोडा सरकतो. पहिल्यांदा तो सरकतो तेव्हा माणूस स्वतःकडेच चकित होऊन पाहतो.

स्वतःची काळजी घेणं म्हणजे मराठी घरात अजूनही थोडे लाडच समजले जातात. तबेल्यात ते लाड राहत नाहीत. झोप न झालेला, उपाशी, चिडलेला माणूस घोड्याजवळ धोकादायक असतो. जनावर अस्वस्थ होतं, लाथ बसू शकते. म्हणून चांगल्या केंद्रात काम सुरू करण्याआधी मदतनिसाला विचारतात: आज कसं आहे? ठीक नसेल तर त्याला घोड्याशी काम देत नाहीत, चारा भरायला लावतात. कुणालाही आळशी ठरवलं जात नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, आणि शाळा-इस्पितळांतही असं विचारलं जावं असं वाटतं.

इतरांचं दुःख रोज पाहणाऱ्यांना येणाऱ्या थकव्यावर चार्ल्स फिगली यांनी १९९५ साली पुस्तक संपादित केलं, तेव्हापासून 'कम्पॅशन फटीग' हा शब्द रूढ झाला. नर्स, समुपदेशक, विशेष शिक्षक यांना तो येतो, तसाच घोड्यांच्या केंद्रावर काम करणाऱ्यांनाही येतो. निसर्ग, जनावरं, मोकळी हवा असली म्हणजे थकवा येत नाही हा भ्रम आहे. उलट इथे दुहेरी ओझं असतं, समोर बसलेल्या मुलाचं आणि हातातल्या घोड्याचं. एका मुलाच्या सत्रात एक जण घोडा धरतो, दोघं दोन बाजूंनी मुलाला सांभाळत चालतात आणि थेरपिस्ट. म्हणजे चार माणसं आणि एक घोडा, अर्ध्या तासासाठी. हे महाग पडतं ते यामुळे.

आणि या चारांतला एक माणूस आपल्याकडे कुणाच्या लेखी नसतो. उत्तरेत त्याला साईस म्हणतात, आपल्याकडे मोतद्दार. पहाटे उठून घोड्याला दाणा-पाणी देणारा, त्याचं पोट दुखतंय हे सगळ्यांच्या आधी ओळखणारा, घोडा कुणावर विश्वास ठेवत असेल तर तो ज्याच्यावर ठेवतो असा हा माणूस. पालक थेरपिस्टचे आभार मानतात, घोड्याबरोबर फोटो काढतात आणि साईस दोरी धरून फोटोच्या बाहेर उभा. आत्मविकासाची भाषा बोलणाऱ्या केंद्राची परीक्षा मी एका गोष्टीवर करीन: साईसचा पगार, त्याची सुट्टी आणि त्याची झोपायची जागा. ज्याच्या स्वतःच्या काळजीची सोय नाही, त्याच्या हातातला घोडा दुसऱ्याची काय काळजी घेणार?

आता पुराव्याकडे. ऑटिझम असलेल्या ६ ते १६ वयोगटातल्या १२७ मुलांवर गॅब्रिएल्स आणि सहकाऱ्यांनी केलेला अमेरिकेतला अभ्यास २०१५ साली आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला दहा आठवडे घोडेस्वारी. दुसऱ्या गटालाही तबेल्यातच नेलं, घोड्यांविषयी शिकवलं, फक्त खरा घोडा दिला नाही. घोडा मिळालेल्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली. हा चांगला पुरावा आहे, कारण मोकळी हवा, नवी माणसं, आईबापांचा उत्साह हे दोन्ही गटांना सारखं होतं. युद्धातून परतलेल्या सैनिकांवर कोलंबिया विद्यापीठात झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ६३ जण, आठ आठवडे, आठवड्याला एक सत्र. आघातानंतरच्या तणावाची लक्षणं बऱ्याच जणांत घटली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याआधी २०१४ साली अॅनेस्टिस आणि सहकाऱ्यांनी मानसिक आजारांवरच्या घोडा-उपचारांचे १४ अभ्यास तपासले आणि प्रत्येकात पद्धतीचे गंभीर दोष दाखवले. मानसिक आजारासाठी हे उपचार सुचवावेत एवढा आधार नाही, असा त्यांचा निकाल होता. त्यानंतर काम सुधारलंय, पण नैराश्यावर किंवा व्यसनावर घोडा हा औषधाला पर्याय आहे असं आजही कुणाला म्हणता येणार नाही. शरीराच्या तोलाबद्दल, धडाच्या स्थैर्याबद्दल सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत थोडा फायदा दिसतो. थोडा, पण खरा.

मी वर लिहिलेला खराऱ्याचा गुण कुठल्या चाचणीत मोजलेला नाही, हेही सांगितलं पाहिजे. तो आजार बरा करण्याचा दावाच नाही. रोज पाऊण तास एका मोठ्या, नाजूक, सावध जिवाची नीट उस्तवार करणाऱ्या माणसाच्या वागण्यात फरक पडतो, एवढंच म्हणणं आहे, आणि ते पटायला फार मोठं संशोधन लागू नये.

या व्यवहारात घोड्याचं काय? इथे चंदीगडकरांनी वरातीची घोडी डोळ्यांसमोर आणावी. बँड, फटाके, डोक्यावर दिव्यांच्या माळा, पाठीवर नवरदेव, आणि घोडी स्तब्ध. लोक म्हणतात, किती शांत आहे! शांत आणि सुन्न यांत फरक असतो. कितीही घाबरलं, काहीही केलं तरी सुटका नाही हे कळलेलं जनावर प्रतिसाद देणंच बंद करतं. अशा घोडीच्या तोंडात काटेरी लगाम असेल तर तो जनावरांवरची क्रूरता रोखण्याच्या १९६५ च्या नियमांनुसार बेकायदाही आहे. स्वस्त 'थेरपी'साठी असं सुन्न जनावर फार सोयीचं पडतं: मूल ओरडलं तरी हलत नाही, केस ओढले तरी सहन करतं. पण मग ते घोडेपणच गेलं, ज्यासाठी त्याला आणलं. छत्रीच्या प्रयोगातला घोडा माणसाचा ताण टिपतो, हा टिपत नाही. तो खुर्चीसारखा आहे.

खरा शांत घोडा ओळखता येतो. कान फिरत असतात. डोळ्यावरची कातडी सैल असते. कुणी आलं की मान वळवून बघतो. दुखणारा किंवा वैतागलेला घोडा कान मागे ताठ धरतो, डोळ्यावर त्रिकोणी सुरकुती येते, जबड्याचे स्नायू आवळतात, नाकपुड्या ताणल्या जातात. यावर २०१४ साली इटलीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टीच तयार झाली आहे. ती शिकायला पशुवैद्य असावं लागत नाही. काम किती द्यावं याचाही हिशोब असतो: बसणारा आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त नको, म्हणजे ४०० किलोंच्या घोड्यावर ८० किलोच. रोज मोजकी सत्रं, मध्ये मोकळं चरणं आणि दुसऱ्या घोड्यांची संगत. घोड्याचं पोट थोडं थोडं दिवसभर खाण्यासाठी बनलंय. त्याला ओकता येत नाही, त्यामुळे वेळीअवेळी भरमसाट चंदी दिली की पोटशूळ. मे महिन्यात चंदीगडचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा सत्रं सकाळी लवकर आटोपली पाहिजेत. जानेवारीच्या धुक्यात उलट ऊन येईपर्यंत थांबावं लागतं. घोड्याला थंडी चालते, मुलांच्या ताठर स्नायूंना चालत नाही.

कुणाला आपल्या मुलाला किंवा स्वतःला या वाटेने न्यायचं असेल, तर आधी डॉक्टर. डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या वरच्या दोन मणक्यांची स्थिरता तपासून घेतल्याशिवाय घोड्यावर बसवू नये. आटोक्यात नसलेली फिट, निखळलेला खुबा, वाकलेला कणा असेल तर जमिनीवरचंच काम बरं. केसांची अॅलर्जी असेल तर तेही नको. धनुर्वाताची लस घेतलेली हवी, कारण त्याचे जंतू लीद आणि मातीत राहतात. घोड्याच्या ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवाल मागावा. हा आजार माणसालाही होतो आणि त्याची राष्ट्रीय पातळीवरची तपासणी हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. डोक्यावर हेल्मेट हवं, नुसती टोपी नको. समोरचा माणूस स्वतःला थेरपिस्ट म्हणवत असेल तर कशाचा, हे विचारावं: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. घोडेस्वारीचं प्रमाणपत्र हे मानसोपचाराचं प्रमाणपत्र नव्हे, आणि उलटही नव्हे.

घोडा परवडत नसेल किंवा भीती वाटत असेल, तर त्यावाचून काही अडत नाही. मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. आणि तबेल्यात जाणारच असाल, तर पैसे भरण्याआधी एवढं विचारा: हा घोडा दिवसात किती वेळ काम करतो, आणि त्याची सुट्टी कधी असते? उत्तर लगेच आलं नाही, तर तिथून परत फिरा.